लाइट गेली की अल्फा दिसतो, लाइट आली की गायब: ईईजी सर्किटमधला ५० हर्ट्झ कसा घालवू?

निळी_वायर (वसमत)

नमस्कार. मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या सुट्टीत घरी आलेय आणि प्रोजेक्टचं सर्किट सोबत आणलंय. प्रोजेक्ट ईईजीचा आहे, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लाटा टिपायचा, एकाच चॅनेलचा. एक इलेक्ट्रोड डोक्याच्या मागे ओ१ च्या जागी, दुसरा डाव्या कानाच्या पाळीला, ग्राउंड कपाळावर. पुढे एडी ६२० ही ॲम्प्लिफायर चिप, त्याला ४७ ओहमचा रोध, म्हणजे गेन साधारण १०५०, सिग्नल तेवढा पट मोठा होतो. मग टीएल ०७४ या ऑप-अँप चिपवर ०.५ ते ४० हर्ट्झचे फिल्टर आणि आणखी दहापट गेन. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. शेवटी अर्डुइनो उनो, तो यूएसबीने लॅपटॉपला. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालीय, म्हणून चार्जर कायम लावलेला असतो.

इलेक्ट्रोड आईच्या जुन्या पैंजणातल्या चांदीच्या चकत्यांचे केलेत, तिन्ही एकाच पैंजणातले. वायर साधी हुकअप, मीटरभर. जेल ईसीजीचं.

भावाला खुर्चीत बसवते आणि स्क्रीनवर नुसता घरच्या लाइटच्या ५० हर्ट्झचा जाड पट्टा दिसायलाय, दुसरं काहीच नाही. कधी कधी आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं आणि मिनिटभर सुटत नाही. नॉच म्हणून, म्हणजे तेवढा ५० हर्ट्झ कापायला, ट्विन-टी फिल्टर जोडला, ३३ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड. फरक पडला पण नावालाच.

परवा संध्याकाळी मात्र लाइट गेली. पट्टा एकदम बारीक झाला. मी भावाला म्हणलं, डोळे मीट. दोन-तीन सेकंदांत लाटा आल्या, मोजल्या तर सेकंदाला दहा, म्हणजे अल्फा. डोळे उघड म्हणलं, गेल्या. पुन्हा मिटायला लावले, पुन्हा आल्या. वहीत वेळ लिहून ठेवली, ७ वाजून १२ मिनिटं. वीसेक मिनिटांनी लाइट आली आणि सगळं परत पट्ट्याखाली.

म्हणजे सर्किट चालतंय, बरोबर ना? मग हा ५० हर्ट्झ नेमका शिरतो कुठून, आणि तो शोधायचा कसा? तयार मॉड्यूल विकत घे असं दोघांनी सांगितलं. मला ते नकोय. हेच चालवायचंय.

तपकिरी_रेझिस्टर (लातूर)

ताई, नॉच चुकलाय. ३३ किलो आणि १०० नॅनोला खाच ४८.२ हर्ट्झवर बसते. ३१.८ किलो पाहिजे. २७ आणि ४.७ सिरीजमध्ये लावा, ३१.७ होतात, खाच ५०.२ वर येते. टी च्या मधल्या पायात निम्मा रोध आणि दुप्पट कपॅसिटर लागतो. त्यासाठी वेगळी किंमत शोधू नका, तेच दोन-दोन समांतर जोडा. एकाच पट्टीतले घेतले की जुळणी चांगली राहते.

आणि कपाळावरचा ग्राउंड घराच्या अर्थिंगला जोडून बघा. ॲम्प्लिफायरची हमिंग आम्ही अशीच घालवतो.

शाईची_रेघ (परभणी)

आधी एक गोष्ट, आणि ती सगळ्यांनी वाचावी. माणसाच्या डोक्याला लावलेला इलेक्ट्रोड घराच्या अर्थिंगला, नळाला, खिडकीच्या गजाला कधीही जोडायचा नाही. लातूरच्या भावांनी चांगल्या मनाने सांगितलंय, पण ॲम्प्लिफायरच्या पेटीला अर्थ देणं वेगळं आणि जिवंत माणसाला देणं वेगळं. अंग एकदा पक्कं जमिनीला बांधलं आणि त्याचा हात गळती असलेल्या कूलरला लागला, तर करंटला सरळ वाट मिळते. आपल्याकडे मे महिन्यात कूलरने माणसं जातात, हे कुणाला सांगायला नको. आणि जेल लावलेली, घासलेली कातडी कोरड्या कातडीसारखी करंट अडवत नाही.

आता बाळा, तुझ्याकडे येतो. ती ७ वाजून १२ मिनिटांची नोंद जपून ठेव. हान्स बेर्गरने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा अशी नोंद घेतली, १९२९ मध्ये ती छापली, आणि डोळे मिटले की येणारी, उघडले की जाणारी ही लाट त्यानेच जगाला दाखवली. तू ती वसमतला घरच्या खुर्चीत पाहिलीस. सर्किट चालतंय. शंकाच घेऊ नको.

मी तीस वर्षं दवाखान्यांची ईसीजी-ईईजीची मशीनं दुरुस्त केली. सुरुवातीची ईईजी मशीनं कागदाची होती, आठ पेनं, शाईची, कागद सेकंदाला ३० मिलिमीटर सरकायचा. त्या वेगात ५० हर्ट्झची एक लाट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. लाट म्हणून ती दिसायचीच नाही, रेघेऐवजी शाईचा ओला पट्टा उमटायचा आणि कधी कधी कागद फाटायचा. तुझा 'जाड पट्टा' वाचला आणि तोच डोळ्यांपुढे आला. त्या दिवसांत एक गोष्ट पक्की शिकलो: पट्टा दिसला की फिल्टरच्या बटनाला हात लावायचा नाही. आधी डोक्याजवळ जायचं, मग तारांजवळ, मग भिंतीजवळ. मशीन सगळ्यात शेवटी उघडायचं.

काहून ते सांगतो. भाऊ खुर्चीत बसलाय, भिंतीत वायरिंग आहे, मध्ये हवा. झाला कपॅसिटर. समज ३ पिकोफॅरडचा. २३० व्होल्टला त्यातून साधारण ०.२ मायक्रोअँपिअर अंगात शिरतो. जाणवत नाही, पण शिरतो, आणि जाताना कपाळावरच्या ग्राउंडमधून जातो. त्या इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा अडथळा, ५० किलोओहम असेल तर तिथे १० मिलिव्होल्ट उभे राहतात. तुझा अल्फा ३०-५० मायक्रोव्होल्टचा. म्हणजे भावाचं अख्खं अंग त्याच्या दोनशे-तीनशेपट वर-खाली होतंय.

हे दोन्ही इनपुटला सारखंच येतं, आणि एडी ६२० ते कापायलाच बसवलाय, असं पुस्तक म्हणतं. खरं आहे. पण डेटाशीटमध्ये सीएमआरआरच्या, म्हणजे दोन्हीकडे सारखं आलेलं चिप किती कापते त्याच्या, ओळीत काय लिहिलंय ते वाच: तो आकडा इनपुटमधल्या १ किलोओहमच्या असमतोलाला दिलाय. तुझा एक इलेक्ट्रोड केसांत, दुसरा पाळीच्या उघड्या कातडीवर. फरक २० किलोओहम सहज असेल. वायर आणि इनपुट मिळून ५० हर्ट्झला १० मेगओहमचा भार धर. १० मिलिव्होल्टचा पाचशेवा हिस्सा, म्हणजे २० मायक्रोव्होल्ट, आता 'सारखा' राहिला नाही. तो खरा सिग्नल होऊन आत गेला. पुढे चिप कितीही भारी लाव, तिला कोणता मेंदूचा आणि कोणता लाइटचा हे कळायला मार्ग नाही.

तारांचंही तसंच. उघड्या हुकअप वायरमध्ये भिंतीकडून एक नॅनोअँपिअर जरी शिरला, तरी २० किलोओहमच्या फरकावर तेच २० मायक्रोव्होल्ट. आणि दोन तारा ऐसपैस पसरल्या की त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून चुंबकीय क्षेत्र जातं. ते शिल्डने अडत नाही. जागा मिटवणं हा एकच इलाज. तिन्ही तारांची वेणी घाल, अगदी केसांची घालतो तशी, डोक्यापासून बोर्डापर्यंत. वायर साउंड सर्व्हिसवाल्याकडून माईकची शिल्डेड घे, बारीक आणि मऊ असते. शिल्ड फक्त बोर्डाच्या बाजूला ग्राउंडला जोड, डोक्याकडचं टोक टेपने बंद कर.

पण तुझा सगळ्यात मोठा चोर मला चार्जर वाटतो. चार्जरमध्ये मेन्स आणि आउटपुट यांच्यात छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट नसेल तर लॅपटॉपचं ग्राउंड शंभरेक व्होल्टवर तरंगतं. पायात चप्पल नसताना लॅपटॉपच्या धातूवर मनगट घासलं की मुंग्या येतात ना, तेच. तुझं सर्किट बॅटरीवर आहे खरं, पण यूएसबीची वायर जोडली की त्याचं ग्राउंड लॅपटॉपचं ग्राउंड झालं. अंग आणि जमीन यांच्यात ३०० पिकोफॅरड धर. १०० व्होल्टला जवळजवळ ९ मायक्रोअँपिअर, भिंतीतून येणाऱ्याच्या चाळीसपट, आणि ते सगळे कपाळावरच्या एका चकतीतून. बॅटरी लावण्याचा हेतू यूएसबीच्या एका वायरने पाण्यात गेला.

आता लाइट गेली तेव्हा काय काय गेलं ते बघ: भिंतीतला विजेचा दाब, चार्जर, पंखा, कूलर. चारही एकदम. म्हणून त्यावरून चोर सापडत नाही. एकेक करून काढावं लागेल. हे कर आणि प्रत्येक वेळी आकडा लिही, आउटपुटला गेनने भागून, मायक्रोव्होल्टमध्ये. पहिल्यांदा तारा काढून बोर्डावरच दोन्ही इनपुट ग्राउंडला शॉर्ट कर. हा सर्किटचा स्वतःचा आवाज. मग तारा लाव आणि तिन्ही टोकं एकत्र पिळून सोड. हा तारांनी पकडलेला. मग एका काचेच्या वाटीत मिठाचं पाणी घे आणि तिन्ही इलेक्ट्रोड त्यात बुडव. स्टीलची नको, काचेची किंवा चिनीमातीची. हे तुझं डोकं, फक्त केस आणि कातडी नसलेलं. शेवटी भाऊ. भावावर चार्जर लावून, काढून, कूलर चालू, कूलर बंद, आणि कूलरची पिनच उपसून. बंद करणं आणि पिन उपसणं वेगवेगळं लिही.

एकदा एका दवाखान्यात पहिल्या मजल्यावर असाच पट्टा यायचा. दोन वेळा कार्ड बदललं, तरी येतोच. तिसऱ्या दिवशी मी रुग्णाच्या जागी स्वतः पलंगावर आडवा झालो आणि कान भिंतीला टेकला. आतून घूं असा बारीक आवाज. उशाच्या मागे, भिंतीपलीकडे, मजल्याचा मेन बोर्ड होता. पलंग ओढून समोरच्या भिंतीला लावला आणि रेघ स्वच्छ. त्या दिवसापासून खोलीत गेलो की आधी भिंत बघतो.

चांदीबद्दल. पैंजणाची चांदी चोख नसते, तांबं असतं, आणि दोन चकत्यांत ते सारखं असेलच असं नाही. त्यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक पडला की हजारच्या गेनला तुझं आउटपुट टोकाला जातं. ९ व्होल्टला साडेआठ मिलिव्होल्ट पुरतात. तेच तुझं 'चिकटणं'. सराफाकडून चोख चांदीचा पत्रा घे, एक-दोन ग्रॅम पुष्कळ. बारीक पॉलिश पेपरने घास, धू, मग बोटाने शिवू नको. मिठाच्या पाण्यात चकती बॅटरीच्या धन टोकाला, ऋण टोकाला जुन्या सेलमधली कार्बनची कांडी. मध्ये रोध टाकून करंट एक-दोन मिलिअँपिअर ठेव. पाच-दहा मिनिटांत चकचकीत पांढरी चांदी आधी करडी, मग जांभळट तपकिरी होते, मखमलीसारखी. तो थर सिल्व्हर क्लोराइडचा. तो आला की इलेक्ट्रोड शांत होतो. तिन्ही एकाच वेळी, एकाच पाण्यात कर, आणि ठेवताना तिन्हींचे पाय एकत्र जोडून मिठाच्या पाण्यात ठेव.

दहा_वीस (छत्रपती संभाजीनगर)

मी ईईजी टेक्निशियन आहे. काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त डोक्यापुरतं बोलते, कारण रोजचं काम तेच.

भावाच्या डोक्याला तेल आहे का? हसू नका, पहिला प्रश्न हाच असतो. अपॉइंटमेंट देतानाच आम्ही सांगतो: आदल्या रात्री केस शॅम्पूने धुवा, तेल लावू नका. तरी दहातले दोन-तीन जण खोबरेल चोपडून येतात, आई म्हणते डोकं शांत राहील. तेलावर पेस्ट बसत नाही, आणि त्या एका इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स बाकीच्यांच्या दहापट दिसतो. स्क्रीनवर १९ रेघा स्वच्छ आणि तेवढ्या एकीवर ५० हर्ट्झ. रेघेवरूनच कळतं कुठल्या जागी तेल राहिलं.

पद्धत अशी. कंगव्याच्या शेपटीने भांग पाडा, कातडी दिसेपर्यंत. पांढरी रेघ दिसली पाहिजे. कापूस-बड्सवर घासायचं जेल घ्या आणि त्या ठिपक्यावर पाच-सहा वेळा फिरवा, हलक्या हाताने. लाल व्हायला नको. बड्सचं टोक काळपट झालं की मेलेली कातडी निघाली. मग ईसीजीचं पातळ जेल नको, ईईजीची घट्ट पेस्ट वापरा. पातळ जेल केसांतून पसरतं आणि दोन मिनिटांत चकती सरकते. चकतीत पेस्ट भरून दाबा, वर गॉजचा छोटा तुकडा, त्यावरून पट्टी. कानाची पाळी लोक विसरतात. तिथेही घासावं लागतं, पुढून आणि मागून. आणि कपाळावरचा ग्राउंड तर सगळ्यात नीट लावा, कारण बिघडला की सगळं बिघडवतो तो.

आमचं लक्ष्य ५ किलोओहमच्या आत. पण मला विचाराल तर सगळे ८ वर असलेले मी चालवून घेईन, एक २ वर आणि एक २५ वर असलेले नाही.

इम्पिडन्स साध्या मल्टिमीटरने मोजू नका. तो डीसी सोडतो, इलेक्ट्रोड पोलराइज होतो, आकडा सरकत राहतो आणि नंतर बराच वेळ रेघही वाकडी येते. मशीन त्यासाठी बारीक एसी वापरतं.

अजून एक, उन्हाळ्याचं. भावाला घाम आला की रेघ हळूहळू समुद्रासारखी वर-खाली होईल. तो तुमच्या सर्किटचा दोष नाही. सकाळी लवकर घ्या.

निळी_वायर (वसमत)

काका, ताई, दोन दिवस हेच केलं. आकडे लिहिते, सगळे इनपुटच्या हिशेबाने, शिखर ते शिखर.

बोर्डावर शॉर्ट: १ पेक्षा थोडा जास्त. तारांची टोकं पिळून, जुन्या वायरीने: ६. माईकच्या वायरीची वेणी घालून: २ च्या आत. काचेची वाटी: ४. म्हणजे इथपर्यंत काही मोठं नाही, हे बघून मला लई बरं वाटलं.

भाऊ, चार्जर लावून: मोजताच येत नाही, सगळं कापलेलं. चार्जर काढून: ७०. एका वायरीचा एवढा फरक असेल असं खरंच वाटलं नव्हतं. टेस्टर लॅपटॉपच्या स्क्रूला लावला तर चार्जर असताना मंद पेटतो.

मग कूलर. बटन बंद केलं: ७० चे ६८. पिन उपसली: ३५. काका, तुम्ही बंद आणि उपसणं वेगळं लिही म्हणालात ते याच्यासाठी होतं का? बंद कूलर पण आवाज कसा देतो?

मग तेल. हो, होतं. आईने सकाळीच लावलं होतं. केस धुतले, ताईंनी सांगितलं तसा भांग पाडला, घासलं, पेस्ट नांदेडहून मैत्रिणीने पाठवली. ३५ चे ९ झाले. नवीन चांदीचे इलेक्ट्रोड केलेत, सराफांनी कशाला पाहिजे विचारलं, सांगितलं तर त्यांनी पत्रा स्वतः गोल कापून दिला. थर अगदी तुम्ही म्हणालात तसा, जांभळट. आउटपुट चिकटणं बंद झालंय.

दोन प्रश्न राहिले. चार्जरशिवाय लॅपटॉप वीस मिनिटंच चालतो, मग प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत काय करू? आणि आता एक नवीनच दिसायलंय, ६ हर्ट्झची बारीक लाट, अगदी सारखी, डोळे उघडे असोत की मिटलेले. मेंदूची थीटा लाट म्हणावी का?

शाईची_रेघ (परभणी)

आकडे बघून समाधान वाटलं. असे आकडे लिहिले की भांडायला जागाच राहत नाही.

आधी कूलर, कारण हे प्रोजेक्टपेक्षा मोठं आहे. बटन बंद केल्यावर आवाज तसाच आणि पिन उपसल्यावर निम्मा, याचा अर्थ बटन न्यूट्रलच्या तारेत आहे. मोटर थांबते पण आतल्या गुंडाळीपर्यंत फेज जिवंत राहते. आवाज करंटमुळे नाही, त्या जिवंत तारेच्या विद्युत क्षेत्रामुळे यायलाय. पण घरात कुणी 'बंद आहे' म्हणून टाकीत पाणी भरायला हात घातला तर? आजच वायरमनला बोलव. बटन फेजमध्ये घे, आणि कूलरच्या पत्र्याला तिसऱ्या पिनचं अर्थ पोचतंय का ते बघायला सांग. तोवर पाणी भरताना पिन उपसूनच भरायचं, घरात सगळ्यांना सांग.

लॅपटॉपचं. अर्डुइनो आणि लॅपटॉप यांच्यात आयसोलेशन पाहिजे. अर्डुइनो सर्किटच्याच बॅटरीवर चालव आणि त्याची सिरीयलची तार ऑप्टोकपलरमधून पलीकडे ने, तो सिग्नल प्रकाशाने पोचवतो, तारेचा संबंध राहत नाही. पलीकडे यूएसबी-सिरीयलचं छोटं बोर्ड, ते लॅपटॉपच्या पाच व्होल्टवर. दोन्ही बाजूंचं ग्राउंड कुठेही एकत्र यायला नको. साधा ऑप्टो संथ असतो, म्हणून ६एन१३७ सारखा वेगवान घे. ब्लूटूथचं मॉड्यूल टाकलं तर तेही चालेल, मग तारच नाही. सोय म्हणून नाही, भावाच्या डोक्याला लावलेली वस्तू मेन्सपासून तुटलेलीच असली पाहिजे. नीट आयसोलेशन होईस्तोवर चार्जर लावून मोजूच नको.

उरलेल्या ९ साठी ड्रिव्हन राइट लेग कर. विंटर आणि वेबस्टर यांचा १९८३ चा लेख यावर आहे, मिळाला तर वाच. कल्पना सोपी: दोन्ही इनपुटवर सारखं काय येतंय ते ऐकायचं, उलटं करायचं, मोठं करायचं आणि ग्राउंडच्या इलेक्ट्रोडमधून अंगात परत द्यायचं. अंग हलायला लागलं की सर्किट त्याला विरुद्ध बाजूने धरून ठेवतं. नाव ईसीजीवरून पडलं, तिथे ते उजव्या पायाला जातं. तुझं कपाळावरच राहू दे.

४७ ओहम काढ. त्याजागी १ किलोओहमचे दोन रोध एकापुढे एक. गेन २६ च्या आसपास येईल, तोच बरा. राहिलेला चारशेपट ०.५ हर्ट्झच्या फिल्टरच्या पुढे घे, म्हणजे इलेक्ट्रोडचा डीसी फरक मोठा होणारच नाही. त्या दोन रोधांच्या मधल्या बिंदूवर कॉमन मोड, म्हणजे दोन्ही इनपुटवरचा सारखा भाग, मिळतो. तिथून एक बफर, मग उलटा ॲम्प्लिफायर, इनपुटला १० किलो, फीडबॅकला १ मेग आणि त्याच्या समांतर १ नॅनोफॅरड, नाहीतर तो स्वतःच दोलायला लागेल. आउटपुट आणि कपाळ यांच्यात ३९० किलोओहम. हा रोध कुणी कितीही सांगितलं तरी कमी करायचा नाही. ऑप-अँप बिघडून पूर्ण ९ व्होल्टवर चिकटला तरी २३ मायक्रोअँपिअरच जातील. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१ या मानकात सगळ्यात कडक प्रकाराला एका बिघाडात ५० ची मर्यादा आहे, तिच्या आत आपण राहतो.

६ हर्ट्झ. सेकंदाला किती नमुने घेतेस? लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज २५६. ५० चा पाचवा गुणक २५०. नमुने आणि लाट यांचा वेग जवळजवळ सारखा असला की ती लाट दोघांच्या फरकाएवढी संथ दिसते. २५६ वजा २५० किती? तोच तुझा थीटा. मेंदूचा नाही, माझ्या अंदाजाने पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. ते साइन लाट कापतात म्हणून विषम गुणक भरपूर सोडतात. म्हणून तर तो डोळ्यांचं ऐकत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पट्टा दिसला की माणूस सावध होतो, पण अशी गुळगुळीत खोटी लाट दिसली की तो विश्वास ठेवतो. जी लाट डोळे, हालचाल, झोप कशालाच जुमानत नाही, तिच्यावर आधी संशय घ्यायचा.

नमुने ५०० कर. मग ५० चे सगळे गुणक ५० च्याच पटीत येऊन पडतात, मधे कुठे घुसत नाहीत. आणि लागोपाठच्या दहा नमुन्यांची सरासरी सरकवत ने. दहा नमुने म्हणजे २० मिलिसेकंद, मेन्सची बरोबर एक फेरी. ५०, १००, १५० सगळे शून्य. १० हर्ट्झचा अल्फा फक्त ६-७ टक्के कमी होतो. ट्विन-टी मग काढून टाक. फीडबॅक नसलेला तो फार रुंद असतो, अल्फाहून वेगवान बीटा लाटाही खातो.

तपकिरी_रेझिस्टर (लातूर)

काका, अर्थिंगचं मी चुकीचं सांगितलं. रेडिओ-ॲम्प्लिफायरची सवय, माणसाचा विचारच केला नाही. ताई, ते करू नका.

वायरमन येईल तेव्हा अर्थिंगचा खड्डा पण बघून घ्या. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सळई आणि माती यांचा संबंधच तुटतो. तिसरी पिन नुसती नावाला राहते. आमच्या गल्लीत दर मार्चनंतर आठवड्याला दोन घागरी पाणी खड्ड्यात ओततात, वर्षाआड कोळसा-मीठ बदलतात. तसं केल्यापासून लॅपटॉपला मुंग्या येणं थांबलं. अर्थिंग घरासाठी चांगली करा, भावाला लावू नका, एवढंच.

निळी_वायर (वसमत)

२५६ च होते, काका. ५०० केले, ६ हर्ट्झ गेला.

ड्रिव्हन राइट लेग काल रात्री जोडला. पहिल्यांदा दोलायला लागला, बघितलं तर १ नॅनोफॅरड ब्रेडबोर्डच्या चुकीच्या भोकात होता. नीट बसवल्यावर ९ चे दीडच्या खाली. ऑप्टोकपलर नांदेडला मिळाला, यूएसबी-सिरीयलचं बोर्ड यायचंय, तोवर लॅपटॉप बॅटरीवरच.

आज सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी, लाइट असताना, पंखा चालू ठेवून घेतलं. कूलरची पिन उपसलेली. भावाने डोळे मिटले, १० हर्ट्झ, साधारण ४० मायक्रोव्होल्ट. उघडले, गेला. असं अकरा वेळा केलं, अकराही वेळा.

शाईची_रेघ (परभणी)

शाबास पोरी. परवाच्या ७ वाजून १२ मिनिटांची आणि आजची, दोन्ही नोंदी एकाच पानावर चिकटव, एकाच मापाने छापून. परीक्षकाला आधी ते पान दाखव.

वायरमन आला होता का?

निळी_वायर (वसमत)

उद्या सकाळी येतो म्हणालाय. पिन उपसूनच ठेवलीय, आणि आईला पण दाखवलंय कशी उपसायची.